पंधरा दिवसांत गाडी येते का?



दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या बडोद्यातल्या मराठी घरांत पेढ्यांच्या पाठोपाठ गाडीचा विषय निघतो. मुलगा अठराचा झाला, मुलगी कॉलेजात गेली, आता क्लास लावू या. मग लग्नात, मुंजीत, सोसायटीच्या बाकावर एकच प्रश्न, "किती दिवसांत येते हो?" उत्तर ठरलेलं, "पंधरा दिवस." कुणी म्हणतं, आमच्या बंड्याला तर दहाच दिवसांत आली. तो बंड्या परवा दांडिया बाजारात रिव्हर्स घेताना चार माणसांना घाम फोडत होता, ते सोडा.

माझं मत आधीच सांगतो. दिवस मोजणंच चुकीचं आहे. तास मोजा, आणि तेही घड्याळ लावून. अडतीस वर्षं बँकेत काढल्यामुळे मला तोंडी हिशेब चालत नाही.

क्लासचा पंधरा दिवसांचा कोर्स म्हणजे रोज अर्धा तास, म्हणजे कागदावर साडेसात तास. आता नियम काय म्हणतो ते पाहा. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे. त्यात खासगी गाडी शिकवणाऱ्या क्लाससाठी स्पष्ट लिहिलंय की प्रशिक्षण एकवीस दिवसांपेक्षा कमी नसावं आणि प्रत्यक्ष गाडी चालवणं दहा तासांपेक्षा कमी नसावं. म्हणजे बाजारात सर्रास विकलं जाणारं 'पॅकेज' नियमाच्या किमान मर्यादेलाही पोचत नाही. शिवाय २०२१ पासून सरकारने मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांची जी योजना आणली, तिच्यात हलक्या गाडीसाठी एकोणतीस तास धरले आहेत, त्यातले एकवीस प्रत्यक्ष चालवण्याचे. सरकारला एकवीस लागतात आणि आपल्याला साडेसात पुरतात, असे आपण कोण मोठे लागून गेलो?

माझ्या नातीचं गेल्या डिसेंबरात अठरावं सरलं. उत्तरायणाचे पतंग उतरले आणि तिचा क्लास सुरू झाला. (उत्तरायणाच्या दोन दिवसांत बडोद्यात कुणी काही शिकत नाही, हे इथल्या लोकांना सांगायला नको.) पहिल्या दिवसापासून मी जुनी डायरी काढून वही ठेवली. तारीख, निघाली किती वाजता, परत किती वाजता, आणि स्वतः स्टिअरिंगवर किती मिनिटं. घरात सगळे हसले. मुलगा म्हणाला, "बाबा, आता तिचं पासबुकही छापा."

पंधरा धडे झाल्यावर बेरीज केली. साडेसात तासांपैकी नातीच्या हाती गाडी होती पाच तास चाळीस मिनिटं. बाकीचा वेळ पुढच्या मुलाला घरून उचलण्यात, सीएनजीच्या रांगेत आणि शिकवणाऱ्याच्या फोनवर गेला. त्या पाच तास चाळीसमध्येही त्याच्या पायाखाली दुसरा क्लच आणि दुसरा ब्रेक होताच. गाडी बंद पडत नाही म्हणून मूल खूश, पण ती बंद पडू न देणारा पाय भलत्याचाच असतो. शिकवणारा मुलगा स्वभावाने चांगला होता. मला म्हणाला, "काका, चिंता ना करो, पंदर दिवसमां आवडी जाय." त्याला तरी काय बोलायचं? फी पंधरा दिवसांचीच ठरलेली.

नंतर मी आणि ती. शिकाऊ लायसन्सवर शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस हवा आणि गाडीला पुढे-मागे लाल 'एल' हवा. तो आम्ही लावला. (माझं लायसन्स आता दर पाच वर्षांनी नवं करावं लागतं, डॉक्टरचं सर्टिफिकेट घेऊन. परवानगी आहे तोवर शेजारी बसायला मी मोकळा.) रविवारी पहाटे नवलखी मैदान, मग अकोटा पूल, मग हळूहळू फतेगंज. मांडवीच्या बाजूला मात्र पहिले दीड महिने नेलं नाही. तिथे चार दरवाज्यांच्या आत गाय, शटल रिक्षा आणि उलट्या दिशेने येणारी अ‍ॅक्टिवा ही तिन्ही एकाच वेळी समोर येतात, आणि तिघांनाही हॉर्न ऐकू येत नाही. नात म्हणायची, "आजोबा, तुम्ही पाय दाबू नका, तुमच्याकडे ब्रेक नाहीये." खरंय. शेजारच्या सीटवर बसून माझी उजवी पोटरी दुखायची.

शिकाऊ लायसन्स मिळाल्यावर तीस दिवस झाल्याशिवाय परीक्षा देता येत नाही. आमच्या गुजरातेत ही परीक्षा सेन्सरच्या ट्रॅकवर होते. आठचा आकडा, उलटा एस, समांतर पार्किंग आणि चढ. तिथे ना ओळख चालते, ना "साहेब, जरा बघा." ही मला फार मोठी सुधारणा वाटते. पहिल्या परीक्षेला बसली तेव्हा वहीत एकूण चौदा तास होते. चढावर गाडी मागे सरकली, नापास. घरात तोंडं उतरली. मला तसं काही वाटलं नाही, कारण चढाची नोंद वहीत फक्त दोनदा होती. जे केलंच नाही ते येणार कुठून?

म्हणून पुढचे रविवार चढाचे. गेंडा सर्कलपासून मनीषा चोकडीपर्यंत जो लांब पूल झालाय, त्याच्या चढणीवर संध्याकाळी वाहनं अडकतात. तिथे ऑफिस सुटायच्या वेळी मुद्दाम नेलं. हँडब्रेक वर, क्लच अर्ध्यावर, इंजिनाचा आवाज जड झाला की हँडब्रेक खाली. मागे बस, तिचा हॉर्न, आणि पोरीच्या कपाळावर घाम. पाचव्या संध्याकाळी ती गाणं गुणगुणत चढली तेव्हा मी वहीत लिहिलं, 'चढ, ठीक.' दुसऱ्या वेळी पास झाली. तोवर क्लासचे पाच तास चाळीस मिनिटं, घरच्या सव्वीस फेऱ्यांचे एकोणीस तास वीस मिनिटं, म्हणजे बरोबर पंचवीस तास.

एका मुलीच्या वहीवरून नियम काढत नाही. कुणाला वीस लागतील, कुणाला चाळीस. माझी भाची लेस्टरला असते, तिचा मुलगा सतराव्या वर्षी शिकला. तिथे किमान तास ठरवून दिलेले नाहीत, पण तिथलं सरकारी खातंच सांगतं की पास होणाऱ्याला सरासरी पंचेचाळीस तास शिकवणी आणि वर बावीस तास घरचा सराव लागतो. भाची फोनवर म्हणाली, "मामा, तुमच्याकडे पंधरा दिवसांत होतं, किती बरं!" मी विषय बदलला.

आमच्या पिढीतले काही लोक लगेच म्हणतील, आम्हाला कुणी शिकवलं? एका आठवड्यात शिकलो. अहो, जरा आठवा. १९७२-७३ साली खारीवाव रोडला सबंध दिवसात किती मोटारी जात होत्या? ज्याच्याकडे अ‍ॅम्बेसेडर होती त्याच्या घरातलं पोर दहा वर्षं शेजारी बसून स्टिअरिंगजवळचा गिअर बघत होतं, पाणी घालत होतं, हँडल मारत होतं. तो 'एक आठवडा' दहा वर्षांच्या शेवटी आलेला होता. आणि चुकलंच तर समोर एक सायकलवाला आणि एक टांगा, दोघेही आपल्याला नावाने ओळखणारे.

आता जरा कडू लिहितो. अठरा वर्षांच्या मुलांची आपण एवढी चर्चा करतो, पण सोळाच्या मुलाला दहावीच्या टक्क्यांबद्दल अ‍ॅक्टिवा देणारी घरं आपल्यातच आहेत. शाखेत असताना असे कितीतरी पालक माझ्यासमोर कर्जाला बसले. पगाराचा दाखला चोख, हप्ता बसत होता. मी विचारायचो, चालवणार कोण? लायसन्स कुणाचं? बँकेच्या फॉर्ममध्ये तो रकाना नव्हता, तरी विचारायचो. उत्तर यायचं, "ट्यूशनपुरतंच, साहेब, घरापासून दोन किलोमीटर."

कायद्यात सोळाव्या वर्षी पन्नास सीसीपर्यंतची दुचाकी चालते, पालकांच्या संमतीने. अ‍ॅक्टिवाचं इंजिन त्याच्या दुपटीहून मोठं. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक जबाबदार. पंचवीस हजार दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. हे वाचून काही जणांना अन्याय वाटतो. मला नाही वाटत. याच बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हाही मूल शाळेत नाही गेलं तर दंड पालकालाच होता. पोराची जबाबदारी बापाच्या खिशाला लावणं आपल्याला नवीन नाही.

आमच्या शेजारच्या गल्लीतला एक मुलगा सोळाव्या वर्षी पडला. मांडीचं हाड, दोन ऑपरेशनं, अकरावीचं वर्ष गेलं. गाडीच्या नुकसानीचा विमा मिळाला नाही, कारण लायसन्स नव्हतं. तो तरी एकटाच पडला. समोरच्याला लागलं असतं तर विमा कंपनीने त्याला पैसे देऊन नंतर वडिलांकडून वसूल करायला काढले असते. असे निकाल कोर्टांनी दिलेले आहेत. बाप माझ्यासमोर रडत होता, आणि त्याला ऐकवायला माझ्याकडे एकही वाक्य नव्हतं.

दुसरी बाजूही खरी आहे. ट्यूशन रात्री नऊला सुटते, सिटी बस वेळेवर नसते, मुलीला रिक्षात एकटं पाठवायला आई धजत नाही. माझ्या सुनेने हेच माझ्याशी तासभर भांडून सांगितलं आणि ती चूक नव्हती. पण त्यावर उपाय सोळाव्या वर्षी गाडीची किल्ली हा नाही. चार घरांनी मिळून एक ओळखीची रिक्षा लावा, आळीपाळीने आणायला जा, सायकल द्या. ताशी पंचवीस किलोमीटरच्या आतली, छोट्या मोटरची इलेक्ट्रिक स्कूटर लायसन्सशिवाय चालते, हे खरं. पण ती द्यायची असेल तर हेल्मेटही द्या आणि आठ दिवस तिच्या मागे स्वतः जा.

नातीचं लायसन्स आलंय. तरी पाऊस, रात्र आणि हायवे या तीन गोष्टी अजून वहीत कोऱ्या आहेत. नवरात्रात गरब्याहून रात्री दीडला परतताना मैत्रिणींना घेऊन गाडी तिने आणायची नाही, असं ठरलंय. ठरलंय म्हणजे मी सांगितलं, तिने तोंड वाकडं केलं, आणि तिच्या आईने माझी बाजू घेतली. पहिल्या पावसात वाइपर लावून दहा फेऱ्या, मग अहमदाबादच्या एक्स्प्रेस वेवर दिवसाउजेडी आणंदपर्यंत, असा बेत आहे.

इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबादच्या मंडळींनी एक करावं. तुमच्याकडचे क्लास किती दिवस म्हणतात ते लिहू नका. मुलाच्या हातात प्रत्यक्ष किती मिनिटं गाडी होती, ते मोजून लिहा.