ऊसतोड कामगारांच्या हक्कांसाठी तीन वर्षांचा निधी द्या
साखर विकत घेणाऱ्या कंपन्यांच्या सीएसआर समित्यांना खुले पत्र

मा. अध्यक्ष आणि सदस्य,


परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड, पालम आणि सोनपेठ तालुक्यांत ऊसतोड कामगारांच्या हक्कांसाठी आमची संस्था काम करते. तिच्यासाठी कंपन्या आणि प्रतिष्ठानांकडून निधी उभा करणे ही माझी जबाबदारी. हे पत्र उघडपणे लिहिते आहे, कारण यातले प्रश्न एका कंपनीचे नाहीत. तुमची बिस्किटे, शीतपेये, औषधांची सिरपे ज्या साखरेवर होतात, तिचा ऊस आमच्या भागातली माणसेही तोडतात.

दसरा-दिवाळी झाली की आमच्याकडची घरे एकेक करून बंद होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल फेडायला टोळ्या सोलापूर, सांगली, कोल्हापूर, पार बेळगावपर्यंत जातात. तिथे कोपीत राहायचे आणि पहाटेच फडात उतरायचे. आजारपणाने एक दिवस बुडाला तरी खाडा, म्हणजे दंड, लागतो आणि तो पैसा उचलीतच चढतो. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की हिशेब होतो. उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या हंगामावर जाते. खाडा परवडत नाही म्हणून बाया दुखणे अंगावर काढतात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याचे २०१९ मध्ये उघड झाले, सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा महाराष्ट्र हादरला. २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि द फुलर प्रोजेक्टने हाच धागा थेट शीतपेयांच्या जगप्रसिद्ध कंपन्यांपर्यंत नेऊन दाखवला. त्यामुळे ही साखर कुठून येते हे आम्हाला माहीत नव्हते, असे आता कोणालाच म्हणता येणार नाही.

आम्ही काय करतो, ते एका कामावरून सांगते. फडात किंवा उसाच्या ट्रॅक्टरखाली माणूस दगावला, तर गुन्ह्याची नोंद, पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल अपघात झाला त्या ठिकाणी तयार होतो. म्हणजे विधवा पालमच्या तांड्यावर आणि कागद कोल्हापूरच्या एखाद्या पोलीस ठाण्यात. अपघात सीमेपलीकडे झाला असेल तर कागद कन्नडमध्ये. कारखाना म्हणतो, कामगार मुकादमाचा. मुकादम म्हणतो, मी फक्त माणसे आणून दिली. वर मेलेल्या माणसाची उचल फिरून बायकोच्याच नावावर लागते. भरपाई हातात पडेपर्यंत या बाईसोबत कोणीतरी चालावे लागते. ठाण्यात, तहसीलमध्ये, कामगार कार्यालयात, न्यायालयात. कधी एक वर्ष, कधी तीन. या कामाला लागतो तो कायदा जाणणारा, गावात विश्वास असलेला, दरमहा पगार मिळणारा माणूस. दुसरे काहीही नाही.

आणि नेमका त्याचाच पगार तुम्ही प्रस्तावातून खोडता. दप्तरे चालतात, सौरदिवे चालतात, आरोग्य शिबिर तर लगेच मंजूर होते. फडात काम करणाऱ्या बाईला सौरदिव्याची गरज असते, हे मी नाकारत नाही. पण दिवा तिचा खाडा माफ करत नाही आणि तिच्या उचलीचा हिशेब लिहून देत नाही.

नियम आड येतात असे मला वारंवार सांगितले जाते, म्हणून नियमांबद्दलच बोलते. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ खाली पात्र कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्चायचे आहेत. ‘हक्कांचे काम सातव्या अनुसूचीत बसत नाही’ हे उत्तर मी फार ऐकते. त्याच अनुसूचीत सामाजिक आणि आर्थिकदृष्ट्या मागास गटांना सोसावी लागणारी विषमता कमी करण्याचे उपाय स्पष्टपणे दिलेले आहेत. उचलीच्या फेऱ्यातून कुटुंब सोडवणे याहून त्यात नेमके काय बसेल? पाच टक्क्यांची मर्यादा आहे ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर प्रशासनाच्या खर्चावर. प्रकल्प राबवण्याचा आणि त्यावर देखरेख ठेवण्याचा थेट खर्च तिच्यात धरला जात नाही. म्हणजे आमच्या गावपातळीवरच्या कार्यकर्त्याचा पगार हा वरखर्च नसून तोच प्रकल्प आहे. सुरुवातीचे आर्थिक वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत चालणारा प्रकल्प घेण्याची मुभाही नियमांनी दिली आहे. तरीही बारा महिन्यांचेच करार आमच्यापुढे येतात.

या बारा महिन्यांनी आमचे सर्वाधिक नुकसान केले आहे. तुमचे वर्ष एप्रिल ते मार्च. मंजुरीला पावसाळा उजाडतो, पहिला हप्ता येईतो टोळ्या निघून गेलेल्या असतात. ‘लाभार्थ्यांचे’ फोटो आणि उपयोगिता प्रमाणपत्र मागितले जाते मार्चमध्ये, जेव्हा माणसे अजून फडात असतात. परतल्यावर हिशेबाच्या भांडणांत त्यांना आमची खरी गरज असते, तेव्हा करार संपलेला असतो आणि कार्यकर्ता दुसरी नोकरी शोधत असतो.

परभणीची आणखी एक अडचण आहे. कायदा कंपनीच्या कामाच्या परिसराला प्राधान्य द्यायला सांगतो. आमच्याकडे मोठे उद्योग मोजकेच, त्यामुळे पैसा मुंबई-पुण्याच्या आसपास फिरतो. पण ज्याच्या कष्टावर तुमचा कच्चा माल उभा आहे, त्याचे गाव हा तुमचा परिसर का नाही? परदेशी निधीची वाटही अरुंद झाली आहे. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी देणगी एका संस्थेला दुसरीकडे सोपवता येत नाही. मोठ्या संस्थांमार्फत तालुक्यांपर्यंत झिरपणारा पैसा तिथेच थांबला.

सरकारने काही केले नाही असे मी म्हणणार नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. गाळपाच्या दर टनामागे कारखान्यांनी १० रुपये आणि तितकेच सरकारने द्यायचे, हे सूत्र मला पटते, कारण त्यात पैसा उसातूनच येतो. कामगारांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहांची योजनाही आहे. मात्र कारखान्याकडून किंवा सरकारी कार्यालयाकडून हक्क मागायचा असेल, तेव्हा कामगारासोबत उभी राहणारी संघटना दोघांपासूनही स्वतंत्र असावी लागते. आमचे सभासद वर्गणी देतात आणि ती आम्ही अभिमानाने घेतो. पण उचलीत अडकलेल्या माणसाकडून वकिलाचा खर्च निघत नाही.

म्हणून मागणे असे. निधी किमान तीन वर्षांचा द्या आणि पहिला हप्ता दसऱ्याच्या आत पोचू द्या. अहवाल जूनमध्ये मागा. किती वाटले हे विचारण्यापेक्षा किती जणांना उचलीचा लेखी हिशेब मिळाला, किती भरपाईचे दावे निकाली निघाले, ते विचारा. साखर देणाऱ्या कारखान्यांशी करार करताना कामगाराची नोंद आणि लेखी हिशेब ही अट घाला. तिच्यासाठी तर सीएसआरचा एक रुपयाही लागत नाही.

प्रस्ताव वाचून निर्णय घेण्याआधी एकदा या. परभणी-परळी लोहमार्गावर गंगाखेड स्थानक आहे. आषाढात आलात तर माणसे घरी भेटतील, बाया सविस्तर बोलतील आणि आमच्या हिशेबाच्या वह्या तुम्हाला हव्या तितका वेळ पाहता येतील.

आपली,
निधी उभारणी विभागाची प्रमुख, गंगाखेड, जि. परभणी