आकाश दोघांच्याच हाती?

भंडाऱ्याच्या माणसाला विमान पकडायचे तर नागपूर गाठावे लागते, अथवा गोंदियाजवळचे बिरसी. हवाई कंपन्यांच्या उलथापालथीशी धानाच्या या जिल्ह्याचा संबंध काय, असे कुणालाही वाटेल. संबंध आहे, आणि तो जुना आहे. २००४ साली भंडारा लोकसभा मतदारसंघाने प्रफुल्ल पटेल यांना नाकारले. राज्यसभेच्या वाटेने तेच नागरी विमान वाहतूक मंत्री झाले आणि २०११ च्या प्रारंभापर्यंत ते खाते त्यांच्याकडे राहिले.

त्या कालखंडातील २००७ हे वर्ष विलीनीकरणांचे. जेटने सहारा विकत घेतली, किंगफिशरने डेक्कनमध्ये शिरकाव केला आणि शासनाने एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स यांची मोट बांधली. २००५-०६ मध्ये या दोन्ही सरकारी कंपन्या, किरकोळ का होईना, नफ्यात होत्या. पुढे १११ विमानांच्या खरेदीचा बोजा आणि विलीनीकरण एकाच सुमारास अंगावर आले. कागदोपत्री कंपनी एक झाली; सेवाज्येष्ठता आणि बढत्यांचे तंटे मात्र दोन घरांचेच राहिले. २०१२ साली ड्रीमलायनरचे प्रशिक्षण कोणाच्या वैमानिकांना द्यायचे, यावरून ५८ दिवसांचा संप झाला. लग्न लागले, पण चुली वेगळ्याच राहिल्या! निर्णय अवघ्या मंत्रिमंडळाचा होता, हे खरे. पण भुर्दंड करदात्याने भरला.

खासगी कंपन्यांचे तरी काय झाले? किंगफिशर २०१२ मध्ये, तर जेट एप्रिल २०१९ मध्ये जमिनीवर आली. १९५३ साली राष्ट्रीयीकरण झालेली एअर इंडिया २७ जानेवारी २०२२ रोजी टाटांच्या घरी परतली. १९९० साली कुवेतमधील लाखाहून अधिक देशबांधवांना मायदेशी आणणारी ही संस्था भारतीय हातांतच राहिली, याचे समाधान मोठे आहे. परंतु नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा तिच्यात विलीन झाली आणि देशांतर्गत प्रवाशांपैकी दहातले सुमारे नऊ जण इंडिगो व टाटा या दोघांकडे गेले.

याचा अर्थ डिसेंबर २०२५ मध्ये उमगला. वैमानिकांच्या विश्रांतीचे नियम बरेच आधी जाहीर झालेले असूनही इंडिगोची तयारी अपुरी पडली. हजारो उड्डाणे रद्द झाली. शासनाला भाड्यांवर मर्यादा घालावी लागली, हे योग्यच. पण त्याच कंपनीला नियमांतून तात्पुरती सूटही द्यावी लागली. कंपनी इतकी अवाढव्य की नियमानेच तिच्यापुढे मान तुकवावी! पंडित दीनदयाळ उपाध्याय यांचा आर्थिक सत्तेच्या केंद्रीकरणाला विरोध होता, मग ती सत्ता राज्याच्या हाती एकवटो वा मूठभर भांडवलदारांच्या. मालक स्वदेशी असला म्हणजे मक्तेदारी स्वदेशी होत नाही.

बिरसीचा अनुभव बोलका आहे. मार्च २०२२ मध्ये एका छोट्या कंपनीने तेथून इंदूर-हैदराबाद सेवा सुरू केली. ती काही महिन्यांतच थांबली. डिसेंबर २०२३ मध्ये सेवा पुन्हा आली ती इंडिगोचीच. छोट्या कंपन्यांना मोठ्या विमानतळांवर उतरण्या-उडण्याच्या सोयीच्या वेळा मिळाल्या नाहीत, तर त्या तगणार कशा? नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाला आहे. तेथील काही वेळा विदर्भासारख्या भागांना जोडणाऱ्या छोट्या कंपन्यांसाठी राखून ठेवणे शासनाच्या हातात आहे, आणि वाटप पूर्ण होण्यापूर्वीच ते व्हायला हवे.