ललिताबाई आणि ती थप्पड

ललिता पवार यांच्याविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्यातील बराचसा मजकूर एका थपडेपाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो. १९४२ साली चित्रीकरणाच्या वेळी भगवान यांची थप्पड वर्मी बसली, चेहऱ्याला पक्षाघात झाला, डाव्या डोळ्यात कायमचा दोष राहिला. नायिका संपली आणि खाष्ट सासू जन्माला आली, अशी ही कथा. ती ऐकायला सोयीची आहे, पण समीक्षा म्हणून आम्हांला मान्य नाही.

अपघाताचे दुःख कोणीच नाकारणार नाही. आमचा आक्षेप कार्यकारणभावावर आहे. 'कंगन' (१९३९) आणि 'झूला' (१९४१) यांच्या नायिका लीला चिटणीस १९४८ च्या 'शहीद'मध्ये दिलीपकुमारांच्या आई झाल्या. 'अयोध्येचा राजा'च्या (१९३२) तारामती दुर्गा खोटे पुढे 'मुघल-ए-आझम'मध्ये (१९६०) सलीमच्या मातोश्री झाल्या. या दोघींना कोणी थप्पड मारली होती? 'श्री ४२०' (१९५५) मधील केळेवाली गंगामाई साकारणाऱ्या ललिताबाई तेव्हा एकोणचाळीस वर्षांच्या होत्या आणि राज कपूर तीस वर्षांचे. तिशी ओलांडलेल्या नटीसाठी आई आणि सासू एवढेच दरवाजे उघडे ठेवणारी व्यवस्था थपडेच्या कथेमागे सुखेनैव लपून राहते. दोष एका हाताच्या अंदाजावर ढकलला, की व्यवसायाला जाब विचारायचे कारण उरत नाही.

आता त्या डोळ्याविषयी. त्या डोळ्यानेच खलनायिका घडवली असेल, तर 'अनाडी'मधील (१९५९) मिसेस डिसा कोणी घडवली? तोंडाने फटकारणारी आणि जिवापाड माया करणारी ही घरमालकीण त्याच चेहऱ्याने उभी राहते, आणि फिल्मफेअरचा सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार त्याच भूमिकेला मिळतो. दोनच वर्षांनी 'जंगली'मध्ये तोच डोळा अख्ख्या घराचे हसू गोठवतो. एकच अवयव एका ठिकाणी वात्सल्य आणि दुसऱ्या ठिकाणी दहशत व्यक्त करत असेल, तर अर्थ त्या अवयवात नसतो; तो नटीच्या स्वरात, थांबण्यात, मान वळवण्यात असतो. 'प्रभात'च्या 'रामशास्त्री'त (१९४४) ललिताबाई आनंदीबाई झाल्या होत्या. त्यांच्या चरित्रकारांनी मात्र त्यांच्याच बाबतीत 'ध'चा 'मा' केला आणि अभिनयाच्या जागी अपघात लिहिला.

दूरदर्शनवर १९८७ साली सुरू झालेल्या 'रामायण'मधील मंथरेची गोष्टही अशीच. तेव्हा ललिताबाईंनी सत्तरी गाठली होती. मंथरेचे कुबड आणि त्यांचा डोळा यांची सांगड घालून प्रेक्षक मोकळे झाले. व्यंगात दुष्टपणा वाचण्याची आपली सवय जुनी आहे. त्या मंथरेची कैकेयीवरील आंधळी निष्ठा आणि हळूहळू मन वळवत नेणारे बोलणे यांकडे किती जणांनी लक्ष दिले?

कवीच्या आजारातून त्याची कविता उलगडू नका, संहिता वाचा, असे आपण साहित्याच्या वर्गात विद्यार्थ्यांना बजावतो. तोच न्याय मूकपटापासून दूरदर्शनपर्यंत काम केलेल्या आणि 'दुनिया क्या है'सारख्या (१९३८) चित्रपटाची निर्मितीही केलेल्या येवल्याच्या या बाईला का नाही? कवी घडतो आणि नटी मात्र अपघाताने होते, असे आपण मनातून मानतो काय? चरित्र अभिनेत्रीच्या कामाला वाचनाची गरज नाही, किस्सा पुरे, हाच समज यामागे आहे, आणि तो पसरवण्यात आपण शिकलेली माणसेही सामील आहोत.

आमची मागणी साधी आहे. यापुढे ललिताबाईंवर निबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने आधी 'अनाडी' आणि 'जंगली' लागोपाठ पाहावेत आणि काय दिसले ते मांडावे. थप्पड सांगायचीच असेल, तर तिला तळटीप पुरेशी आहे.