घरदुरुस्ती : दुष्फेन पाणी आणि आईबाबांचं ब्लडप्रेशर

मंडळी, शाळेत पाठ केलेला 'दुष्फेन' हा शब्द परीक्षेनंतर आम्ही विसरलो होतो. इकडे शिकागोच्या पश्चिमेला घर घेतलं की तो पुन्हा भेटतो. खुद्द शहराला मिशिगन सरोवराचं पाणी, ते बेताचंच जड. पण लांबच्या अनेक उपनगरांत विहिरीचं पाणी येतं, ते चुनखडीच्या जातीच्या खडकातून कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊनच. मग साबणाला फेस नाही, किटलीत पांढरा थर, आणि चार शिट्ट्या होऊनही तूरडाळ टणक. दोष कुकरचा नाही. कॅल्शियममुळे डाळीतलं पेक्टिन सुटत नाही.

यावर सगळे बेसमेंटमध्ये सॉफ्टनर बसवतात. त्यातले रेझिनचे मणी कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात पाण्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुतले जातात. आपण मिठाच्या पिशव्या ओततो त्या यासाठी. वॉटर हीटर वाचतो, डाळ शिजते, सगळे खूश.

आता हिशेब पाहा. जडपणाच्या दर ग्रेनमागे लिटरला सुमारे ८ मिलिग्रॅम सोडियम वाढतं. पाणी २० ग्रेनचं असेल तर लिटरला १६०. दिवसाला दोन लिटर प्यायलं तर ३२०. अमेरिकन हार्ट असोसिएशन म्हणते, विशेषतः रक्तदाब असणाऱ्यांनी दिवसाला १५०० च्या आत राहावं. आईबाबा सहा महिन्यांसाठी येतात, पथ्य म्हणून लोणचं-पापड सोडतात आणि नळाचं पाणी तांब्या-तांब्याने पितात! चव खारट नसते, त्यामुळे कुणाला पत्ताही लागत नाही.

करायचं काय? आधी टेस्ट स्ट्रिपने किंवा गावाच्या वार्षिक पाणी-अहवालातून जडपणा पाहा. आकडा लिटरला मिलिग्रॅममध्ये असेल तर १७ ने भागा, की ग्रेन मिळाले. मग प्लंबरकडून स्वयंपाकघरातला गार पाण्याचा नळ सॉफ्टनरच्या आधीच्या पाइपवर घ्या. जड पाणी पिण्यास अपायकारक नाही. डाळही मऊ हवी असेल तर सिंकखाली रिव्हर्स ऑस्मोसिसचा फिल्टर बसवा. तो कॅल्शियम आणि सोडियम दोन्ही बऱ्यापैकी काढतो. मिठाऐवजी पोटॅशियम क्लोराइडही मिळतं, पण घरात कुणाला किडनीचा विकार असेल किंवा ब्लडप्रेशरच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि हो, कुंडीतल्या तुळशीला नि कढीपत्त्याला सॉफ्टनरचं पाणी घालू नका, सोडियम त्यांनाही मानवत नाही.

तेव्हा आईबाबांचं तिकीट काढाल त्याच आठवड्यात बेसमेंटमध्येही एक चक्कर मारा. पुढच्या अंकात त्याच बेसमेंटमधल्या ओलीविषयी.