चालतीबोलती रांगोळी

‘एक नूर आदमी, दस नूर कपडा’ असे आपण म्हणतो, तेव्हा मनात लग्नसमारंभ किंवा नोकरीची मुलाखत असते. पण ज्यांची पुन्हा गाठ पडेलच असे नाही, अशा परक्या माणसांसाठी कुणी नटावे काय? ‘कॉलेजात शिकायला जातेस की मिरवायला?’ हा प्रश्न आमच्या वस्तीत मुलींना सर्रास विचारला जातो. मला वाटते, नटावे, जरूर नटावे!

विरार लोकलचा बायकांचा डबाच पाहा. १९९२ साली चर्चगेट-बोरिवली मार्गावर महिलांची स्वतंत्र गाडी सुरू झाली, १९९३ साली ती विरारपर्यंत आली. पण गर्दी आणि चौथ्या सीटवरची भांडणे काही सुटली नाहीत. नवरात्रात मात्र या डब्याचा नूर पालटतो. नऊ दिवसांचे नऊ रंग! ही प्रथा पुरातन नव्हे. ‘महाराष्ट्र टाइम्स’ने या शतकाच्या पहिल्या दशकात ती लोकप्रिय केली. रंगांचा क्रमही दरवर्षी बदलतो. म्हणजे यात धर्म कमी आणि खेळ अधिक. काल जागेवरून हुज्जत घालणाऱ्या दोघी आज पिवळ्या साडीत समोरासमोर आल्या की हसू लपत नाही.

आक्षेप असा की, गरिबाघरच्या मुलीने नऊ रंग आणायचे कुठून? आक्षेप खरा आहे. ज्या दिवशी रंगाची सक्ती होईल, त्या दिवशी खेळ संपेल. जिच्याकडे तो रंग नाही, तिने डब्यात अंग चोरून का उभे राहावे? पण खेळाला पैसा कशाला हवा? वसईच्या वाडीतला एक सोनचाफा केसांत माळला तरी पिवळा दिवस साजरा होतो. एरवीच्या दिवशीही दोन कानांत दोन तऱ्हेची फुले घालून पाहा. समोरची बाई हमखास म्हणते, “अगं, तुझी कानातली वेगवेगळी आहेत!” “मुद्दामच घातलीत, मावशी,” म्हटले की तिचा दमलेला चेहरा खुलतो.

दारातली रांगोळी आपण फक्त घरच्यांसाठी काढतो थोडीच? ती येणाऱ्याजाणाऱ्यांसाठीही असते. कपड्यातली गंमत ही तशीच चालतीबोलती रांगोळी आहे. तिला मिरवणे म्हणू नये. ती परक्याची केलेली विचारपूस आहे. पांढऱ्या-करड्या शर्टांत कोंबून उभ्या असलेल्या आमच्या बंधूंनीही याचा विचार करावा!