गहू कोठचा?

लहानपणी आजीबरोबर किराणा आणायला जाणं मला शिक्षा वाटायची. खामगावच्या आमच्या नेहमीच्या दुकानात शिरली, की ती आधी उघड्या पोत्यात हात घालणार, मूठभर गहू तळहातावर घेणार, फुंकर मारणार, एक दाणा दाताखाली फोडणार आणि मग दुकानदाराला विचारणार, "गहू कोठचा हाय?"

दुकानदार म्हणायचा, "लोकवन आहे काकू, आपल्या इकडचाच."

"इकडचा म्हंजे? गाव सांग ना बाप्पा!"

मी बाजूला स्कूल युनिफॉर्ममध्ये उभी. ओळखीचं कोणी बघत तर नाही ना, याचंच टेन्शन. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये गहू म्हणजे 'व्हीट', रबी क्रॉप, दोन मार्कांचा प्रश्न. त्याला गाव असतं हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

गावाचं नाव कळलं की तिथल्या बातम्या सुरू. त्या गावात यंदा पाणी कसं आहे, कोणाची मुलगी दिली, कोणाला ॲडमिट केलं, कोणती बँक कर्ज देत नाही. साखर तोलून होईपर्यंत अर्ध्या तालुक्याचं बुलेटिन ऐकून व्हायचं. घरी आल्यावर पुडी सोडली, की तिच्या कागदावर मागच्या आठवड्याची फाटलेली बातमी. आजोबा ती चष्मा लावून वाचायचे आणि उरलेली अर्धी बातमी कुठल्या पुडीत गेली म्हणून चिडायचे! थोडक्यात, आमच्या घरी किराणा आणि बातमी एकाच पिशवीतून यायची.

आता आजीच्या गल्लीत त्या दुकानाच्या जागी मोबाईलचं शोरूम आहे. थोडं पुढे काचेच्या दाराचं सेल्फ-सर्व्हिस मार्ट झालंय. ट्रॉली घ्या, पाकीट टाका, बिल करा, बाहेर पडा. स्वच्छ आहे, वजन बरोबर असतं, उधारीची लाज नाही. फक्त "कोठचा?" हे विचारायला तिथे कोणी नसतं. बिलिंगवरची मुलगी फार तर बारकोड सांगेल.

शेगावातही तेच. विकास आराखड्यात मंदिराकडचे रस्ते रुंद झाले, जुनी घरं गेली, लॉज आणि पार्किंग आलं. जी किराणा दुकानं उरली त्यांच्या दर्शनी भागात आता पाण्याच्या बाटल्या, वेफर्स आणि रिचार्ज. डाळ-तांदूळ मागे, अंधारात. दुकानदाराचं तरी काय चुकलं? गिऱ्हाईकच बदललं. भाविक एक दिवस येतो, आपण हॉस्टेलवाले चार वर्षं येतो, आणि दोघंही गहू घेत नाही! पुण्यात जॉबला लागलेले आपले सीनियर्स तर सांगतात, की तिकडे दहा मिनिटांत कोथिंबीर दारात येते. आणून देणाऱ्याचं नावही कोणी विचारत नाही.

तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? जमाना बदलला, दुकानं बदलली. मलाही तसंच वाटायचं. जानेवारी २०२५ पर्यंत.

तेव्हा मी सेकंड इयरला होते. एका रविवारी साबण आणायला स्टेशनकडच्या दुकानात गेले. पुढे खेड्यावरून आलेली एक बाई दुकानदार काकांना सांगत होती, "डोक्यावर हात फिरवला का केस हातातच येते जी. चार दिवसात टक्कल पडलं माह्या देराले." काका म्हणाले, "शांपू बदला." मी मनात हसले, साबण घेतला आणि हॉस्टेलला आले. दोन-तीन दिवसांत तीच गोष्ट माझ्या मोबाईलवर आली, इंग्रजीत, दिल्लीच्या एका चॅनेलकडून. शेगाव तालुका, बोंडगाव, कालवड, हिंगणा… ही गावं आपल्या हॉस्टेलपासून बाईकच्या अंतरावर आहेत. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. बातमी माझ्या समोर उभी राहून बोलत होती, पण ती दिल्लीहून आली तेव्हाच मला बातमी वाटली.

पुढे काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. 'टक्कल व्हायरस' हे नाव पडलं. मीम्स सुरू झाले. हॉस्टेलमध्ये कोणी टोपी घातली तरी "काय, बोंडगावला जाऊन आला का?" हा जोक. मीही दोन मीम्स फॉरवर्ड केले, खोटं कशाला बोलू? त्यानंतर कळलं, की आमच्याच विंगमधली एक मुलगी, जी त्या महिन्यात दिवसभर स्कार्फ बांधून बसायची, तिचं घर त्याच पट्ट्यात आहे. तिचे केस नीट होते. स्कार्फ भीतीचा होता. घरी आईचे केस गेले होते, आणि तिच्या मोठ्या बहिणीचं स्थळ बघायला येणारे लोक "नंतर कळवतो" म्हणाले ते म्हणालेच. हे तिने सांगितलं, तेव्हा मी फोनमधून मीम डिलीट केले. डिलीट करून काही होत नाही, हेही कळत होतं.

आधी संशय पाण्यावर गेला. तो चुकीचा नव्हता. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा, बोअरचं पाणी खारट, आणि नमुन्यांमध्ये नायट्रेटही जास्त निघालं. काही दिवस बुरशीचा संसर्ग असेल असंही बोललं गेलं. आयसीएमआर आणि एम्सच्या टीम गावांत आल्या. मग फेब्रुवारी २०२५ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपला निष्कर्ष मांडला. विंचूदंशावरच्या संशोधनासाठी जगभर ओळखले जाणारे हेच ते महाडचे पद्मश्री डॉक्टर. मूळचे शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे. त्यांनी गावांत येऊन नमुने घेतले आणि सांगितलं, की १८ गावांतल्या २७९ लोकांना झालेल्या या त्रासाचं कारण सेलेनियम आहे, आणि ते आलंय रेशनच्या गव्हातून. रुग्णांच्या रक्तात ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट सेलेनियम त्यांना आढळलं. हा गहू पंजाबकडून आलेला होता, असं त्यांचं म्हणणं. एप्रिल २०२५ मध्ये त्याच तालुक्यातल्या काही जणांची नखं ठिसूळ होऊन गळायला लागली. आधी केस, मग नखं, ही सेलेनियमच्या विषबाधेची पुस्तकी लक्षणं आहेत. चीनच्या हुबेई प्रांतात एन्शी इथे १९६१ ते १९६४ या काळात अगदी असंच घडलं होतं. तिथल्या जमिनीतलं सेलेनियम पिकांत उतरलं आणि गावंच्या गावं केस आणि नखं गमावून बसली.

आपण इंजिनीअरिंगवाले, तर थोडं गणित करू. सेलेनियम शरीराला लागतं, पण मायक्रोग्रॅममध्ये. मोठ्या माणसाला दिवसाला ४०० मायक्रोग्रॅमच्या वर नको, अशी मर्यादा सांगतात. आपल्याकडे राबणारा माणूस दिवसाला ४०० ग्रॅम कणीक सहज खातो. म्हणजे एक किलो गव्हात एक मिलिग्रॅम सेलेनियम असलं तरी मर्यादा गाठली. दहा लाखांत एक भाग! आजीने कितीही दाणे फोडले असते तरी तिच्या दाताला ते कळलं नसतं.

इथे कोणीही म्हणेल, मग "कोठचा?" विचारून उपयोग काय? माझं म्हणणं नेमकं इथेच आहे. जे दाताला कळत नाही ते पत्त्यावरून कळतं. पंजाबच्या नवांशहर-होशियारपूर भागात सेलेनियमवाल्या जमिनीचे पट्टे आहेत, हे तिथल्या कृषी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांना १९८० च्या दशकापासून माहीत आहे. त्यावर पेपर्स आहेत. म्हणजे माहिती होती, फक्त ती गव्हाबरोबर प्रवास करत नव्हती. पोत्यावर हंगामाचा, खरेदीचा छाप असतो. पण पोतं उघडून पाच किलो गहू पिशवीत पडला, की त्याला पत्ता उरत नाही. एका टोकाला माती ओळखणारा शास्त्रज्ञ, दुसऱ्या टोकाला केस हातात घेऊन उभी असलेली बाई, आणि मध्ये "हा गहू कोठचा?" विचारणारं कोणीच नाही.

मी रेशनच्या विरोधात नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सुमारे ८१ कोटी लोकांना धान्याचा हक्क दिला, आणि २०२३ पासून ते धान्य मोफत आहे. आपल्या कोरडवाहू भागात सोयाबीन-कपाशी पिकवणारा शेतकरीसुद्धा पोळी रेशनच्या गव्हाची खातो. दूरचा गहू वाईट आणि जवळचा चांगला असंही नाही. पण मार्टमध्ये मी एक पाकीट ठेवून दुसरं उचलू शकते. रेशनच्या रांगेतली बाई तसं करू शकत नाही. तिच्यासाठी पदरी पडलं आणि पवित्र झालं. ज्याला निवडता येत नाही, त्याच्या वतीने विचारायची जबाबदारी जास्त आहे, कमी नाही.

आणि जुनी दुकानं म्हणजे स्वर्ग होता असंही मला म्हणायचं नाही. तिथेही मापात पाप होतं, मिरचीत भुसा होता, उधारीच्या वहीत एकाचे दोन होत. बातम्यांचंही तसंच. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये राज्यात काही दिवस घरोघर पेपर टाकणं बंद होतं, तेव्हा किराणा दुकान हाच आमचा पेपर होता, आणि तिथून जितक्या खऱ्या बातम्या आल्या तितक्याच अफवा. पण एक फरक होता. अफवा सांगणारा माणूस समोर होता. "तुला कोणी सांगितलं?" असं त्याला विचारता यायचं. मीमला हे विचारता येत नाही.

म्हणून मला वाटतं, पाकिटातला गहू आणि फॉरवर्ड होऊन आलेली बातमी, दोघांचा आजार एकच आहे. दोन्ही चकचकीत, दोन्ही पटकन येतात, दोन्हीला गाव नाही. आणि आपल्याला त्याचं काही वाटत नाही, कारण आपली सवयच गेली. आपण लोकल पेपरच्या आतल्या पानाला हसतो. वाढदिवसाच्या शुभेच्छा, सत्काराचे फोटो, बैल चोरीला! पण अमुक गावात चार लोक आजारी पडले ही दोन ओळींची बातमी आली तर त्याच पानावर येईल. तालुक्याचा वार्ताहर मोटारसायकलवर पेट्रोल जाळून ती आणतो. आपण ती वाचली नाही, तर पुढच्या वेळी ती देण्यात त्याला तरी काय अर्थ वाटेल?

नुसतं लिहून मोकळं होऊ नये म्हणून मागच्या आठवड्यात आमच्या मेसच्या काकांना विचारलं, "काका, गहू कुठला आहे आपला?" ते आधी हसले. म्हणाले, "चार वर्षांत पहिल्यांदा कोणी विचारलं. पोळी कच्ची आहे एवढंच विचारता तुम्ही लोक." मग म्हणाले व्यापाऱ्याला विचारून सांगतो. संध्याकाळी खरंच सांगितलं, मध्य प्रदेशचा. बास, एवढंच. दोन मिनिटांचं काम.

तर मेस कमिटीला आणि वॉर्डन सरांना या लेखातून माझी विनंती आहे. मेसच्या फळ्यावर रोजच्या मेनूखाली एक ओळ वाढवावी: गहू, तांदूळ, डाळ कुठून आली. वाचनालयात इंग्रजी पेपरशेजारी जिल्ह्याच्या पानाचा एक पेपर उघडा ठेवावा. एनएसएसच्या कॅम्पमध्ये आपण दरवर्षी रस्ते झाडतो. एखाद्या वर्षी गावांतल्या पाण्याचा टीडीएस मोजून तक्ता ग्रामपंचायतीत लावू. त्याने कोणाचे गेलेले केस येणार नाहीत. पण पुढच्या वेळी स्टेशनकडच्या दुकानात कोणी बाई काही सांगत असेल, तर आपल्यापैकी एक जण तरी साबण बाजूला ठेवून विचारेल, "मावशी, कोणत्या गावच्या तुम्ही?"

मी त्या दिवशी हे विचारलं नव्हतं.