कारागिरी ही शिवी कशी झाली?

मराठी समीक्षेत एखाद्या कथाकाराचे मोल कमी करावयाचे असेल, तर फारसा युक्तिवाद करावा लागत नाही. त्याच्या कथेत ‘कारागिरी’ आहे, ती ‘बेतलेली’ आहे, ‘घडवलेली’ आहे, एवढे म्हटले की पुरते. उलट जी कथा समीक्षकाला भावली, ती ‘उत्स्फूर्त’ असते, ‘आतून आलेली’ असते; तिने लेखकाकडून स्वतःला लिहवून घेतलेले असते. ही शब्दकळा आता इतकी अंगवळणी पडली आहे, की तिच्यामागे एक सिद्धान्त उभा आहे याचे भानही उरलेले नाही. कथा होते, ती कोणी करीत नाही, असा हा सिद्धान्त आहे. तो खोटा आहे. वाचकांची उदासीनता, प्रकाशकांची अनास्था, मानधनाची वानवा यांचे रडगाणे आपण नेहमी गातो. परंतु या सगळ्यांनी मिळून मराठी कथेची केली नसेल एवढी हानी या एका सिद्धान्ताने केली आहे, आणि ज्यांच्यापाशी आधीच काही नव्हते त्यांची ती सर्वाधिक केली आहे, असे माझे म्हणणे आहे.

हा सिद्धान्त आपल्या परंपरेतून आला, असा समज असेल तर तो प्रथम दूर केला पाहिजे. मम्मटाने काव्याचे कारण सांगताना शक्ती, निपुणता आणि अभ्यास ही तिन्ही मिळून एकच कारण मानली. आणि अभ्यास म्हणजे काव्य जाणणाऱ्यांच्या हाताखाली केलेला अभ्यास, असेही स्पष्ट केले. दंडी तर याहून उदार आहे. जन्मजात प्रतिभा नसली तरी श्रवणाने आणि यत्नाने उपासिलेली वाणी काही ना काही अनुग्रह करतेच, असा दिलासा तो देतो. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त कवीच्या दिवसाचे प्रहरच वाटून दिले आहेत. सकाळी अध्ययन, मग रचना, दुपारी काव्यगोष्ठी आणि दिवसाच्या चौथ्या प्रहरी सकाळच्या रचनेची तपासणी. रचनेच्या आवेशात विवेकाची दृष्टी शाबूत नसते, हे या तपासणीचे त्याने दिलेले कारण आहे. जास्तीचे काढावे, उणे असेल ते भरावे, जागा चुकलेले हलवावे, विसरलेले आठवून जोडावे, असे तो सांगतो. पुनर्लेखनाची याहून नेटकी व्याख्या मला ठाऊक नाही, आणि ती सुमारे एक हजार वर्षांपूर्वीची आहे.

मग ‘उत्स्फूर्तता’ आली कोठून? ती आली इंग्रजी राजवटीतल्या विद्यापीठांच्या वर्गांतून. वर्ड्स्वर्थने 1800 साली ‘लिरिकल बॅलड्स’ला जोडलेल्या प्रस्तावनेतले एक वाक्य आपल्या अध्यापकांनी पिढ्यान्‌पिढ्या उतरवून दिले, आणि त्याच वाक्याला लागून असलेली दीर्घ चिंतनाची अट मात्र गाळली. ज्या कवीच्या नावावर आपण उत्स्फूर्ततेचा पुरस्कार केला, तो स्वतः ‘द प्रिल्यूड’ हे आपले दीर्घकाव्य आयुष्यभर दुरुस्त करीत राहिला आणि ते 1850 साली, त्याच्या मृत्यूनंतरच छापले गेले, हेही कोणी वर्गात सांगितले नाही.

परंतु केवळ पाश्चात्त्य प्रभावाने एखादी कल्पना इतकी खोल रुजत नाही. तिला येथली जमीन अनुकूल असावी लागते. हाताने काम करणाऱ्याला खालचा मानणारा समाज शब्दांच्या बाबतीतही तीच उतरंड लावतो. मन आणि बुद्धी वर, हात खाली. प्रतिभा वर, कसब खाली. ‘कारागीर’ हा शब्द निंदेसाठी वापरताना सुतार, लोहार, कुंभार, चांभार यांच्याविषयीची जुनी तुच्छताच आपण साहित्यात आणत असतो. ज्या भाषेच्या आरंभकाळात गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार आणि सेना न्हावी यांनी आपापल्या व्यवसायाच्या भाषेत परमार्थ सांगितला, त्या भाषेच्या समीक्षेने हे करावे, हा विपर्यास आहे. गंमत अशी, की गाण्याच्या बाबतीत आपण असे वागत नाही. गवयाने पहाटे उठून वर्षानुवर्षे षड्ज लावला, तर आपण हात जोडतो. त्याचा रियाज ही त्याच्या मोठेपणाची साक्ष मानतो. कीर्तनकार पूर्वरंग कोठे आवरावा आणि उत्तररंगातले आख्यान कोठे थांबवावे हे गुरूपाशी शिकतो, यातही आपल्याला काही कमीपणा वाटत नाही. कथाकाराने मात्र शिकू नये. शिकलाच, तर ते लपवावे.

या दुराग्रहाला मराठीत एक निमित्तही मिळाले. ना. सी. फडके यांचे ‘प्रतिभासाधन’ 1931 साली प्रसिद्ध झाले. कथालेखनाचे तंत्र सांगता येते आणि शिकता येते, हे त्यांनी ठणकावून सांगितले, याबद्दल त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. त्यांचे चुकले ते पुढे. आकर्षक प्रारंभ, गुंतागुंत, उत्कंठा, कलाटणी देणारा शेवट, हे कथेच्या एका प्रकाराचे तंत्र होते. ते कथामात्राचे तंत्र म्हणून मांडले गेले. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर यांच्या नवकथेने हा साचा मोडला आणि योग्यच केले. परंतु नवकथेची समीक्षा लिहिणाऱ्यांनी साचा आणि कसब यांतला भेद ठेवला नाही. फडक्यांचा साचा टाकताना त्यांनी हत्यारांची पेटीही फेकून दिली.

स्वतः नवकथाकारांनी मात्र ती फेकली नव्हती. ‘माणदेशी माणसं’ (1949) मधली व्यक्तिचित्रे वाचताना लेखकाने काही केलेच नाही असे वाटते. तसे वाटावे यासाठी काय काय वगळावे लागले असेल, याचा हिशेब आमच्या समीक्षेने मांडला नाही. ‘अकृत्रिम’ असा शेरा मारून ती पुढे गेली. जी. ए. कुलकर्णी यांच्याभोवती तर गूढतेचे वलयच उभे केले गेले. धारवाडला राहून इंग्रजी शिकवणारा, आपले खाजगीपण जपणारा हा लेखक जणू कोठल्या अदृश्य शक्तीच्या हुकमाने लिहीत होता. याच लेखकाने कॉनरॅड रिक्टरच्या कादंबऱ्या एकामागून एक मराठीत आणल्या, ही गोष्ट मात्र चरित्राच्या तळटिपेत जाते. दुसऱ्याच्या वाक्याचे वजन आपल्या भाषेत तोलून पाहणे हा लेखकाचा रियाजच होय. परंतु असे म्हटले तर वलय विरते, म्हणून कोणी म्हणत नाही.

येथे प्रश्न उपस्थित होईल, की या शब्दांच्या वादाने प्रत्यक्ष लेखकाचे काय बिघडते? एक उदाहरण कल्पून पाहू. दुष्काळी तालुक्यातल्या एका तरुणाने पाण्याच्या टँकरवर कथा लिहिली आहे. पहाटेच्या वर्णनाने ती सुरू होते, गावाची ओळख देते, चौथ्या पानावर टँकर येतो, झुंबड उडते, एका म्हातारीचा हंडा फुटतो. आणि शेवटच्या परिच्छेदात माणुसकी आटली आहे, असे निवेदक आपल्याला बजावतो. कथा पडलेली आहे. ती का पडली हे लेखकालाही कळत नाही, पण पडली आहे हे त्याला जाणवते. कथालेखनातले वैफल्य म्हणतात ते हेच, आणि ते फार एकाकी असते. संपादकाकडून ‘साभार परत’ येते, किंवा काहीच येत नाही. समीक्षकाला विचारावे तर ‘अनुभव अजून मुरला नाही’ असे उत्तर मिळते. त्या उत्तराचे त्याने करायचे काय? त्याऐवजी कोणी एवढेच म्हटले असते: पहिली तीन पाने काढ, टँकर निघून गेल्यावर कथा सुरू कर, फुटलेला हंडा रिकामा होता की भरलेला ते ठरव, गावाच्या बोलीतले संवाद आणि पाठ्यपुस्तकी भाषेतले निवेदन यांच्यात जो सांधा उघडा पडला आहे त्याकडे बघ, आणि शेवटचा परिच्छेद तुझा नाही, तो तू वाचलेल्या कथांचा आहे. या पाच वाक्यांत प्रतिभेचा उल्लेखही नाही. तरीही त्या तरुणाला उद्या सकाळी बसून करण्याजोगे काम मिळाले असते. वैफल्य त्याने संपत नाही. पण त्याला तोंड देता येते.

हे कोणाला न सांगताही कळते? ज्याच्या घरात तीन पिढ्या पुस्तके होती, ज्याचा मामा संपादक होता, ज्याच्या ओसरीवर साहित्यिकांची ऊठबस होती, त्याला. त्याने हे कसब शिकलेले असते. शिकलो हे फक्त त्याला आठवत नाही, म्हणून तो त्याला प्रतिभा म्हणतो. ज्या घरातला पहिलाच मुलगा किंवा पहिलीच मुलगी लिहू लागली आहे, तिला मात्र ही प्रतिभा विकतही मिळत नाही आणि मागूनही मिळत नाही. कसब सांगता येत नाही, असे म्हणणे याचा व्यवहारातला अर्थ कसब वारसांनाच मिळेल, असा होतो.

या वर्गातून आलेल्या लेखकाने कसब सिद्ध केले, तरी ते त्याच्या खात्यावर जमा होत नाही. बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह 1963 साली आला. त्याची दाहकता, त्यातला विद्रोह, त्यातला जिवंत अनुभव यांची पुष्कळ वाखाणणी झाली. परंतु शीर्षककथेची रचना पाहा. गुपित काय आहे हे लेखक शीर्षकातच सांगून टाकतो. काय उघडकीस येणार हे वाचकाला पहिल्या ओळीपूर्वी ठाऊक असते. कधी येणार, एवढीच टांगती तलवार उरते आणि निवेदकाला मिळणारा प्रत्येक मान, प्रत्येक स्नेहाचा शब्द तिच्याखाली येतो. ही योजना आहे आणि ती पक्क्या हाताची आहे. सवर्ण लेखकाने ती केली असती, तर तिच्यावर शोधनिबंध निघाले असते. बागुलांच्या वाट्याला ‘अनुभवाची धग’ आली. धग चुलीलाही असते. लेखकाला त्याहून अधिक काही देणे लागत होतो.

जे थोडेबहुत शिक्षण मराठीत घडत होते, ते संपादकाच्या टेबलावर. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या ‘सत्यकथे’त हस्तलिखितावर पत्रव्यवहार होई, कथा पुन्हा लिहिण्यास सांगितले जाई. या मासिकाची अभिरुची मर्यादित होती, हा लघुनियतकालिकांच्या पिढीचा आरोप निराधार नव्हता. 1969 साली तिच्या अंकाची होळी झाली तीही अकारण नव्हती. परंतु 1982 साली ‘सत्यकथा’ बंद पडली, तेव्हा तिच्या अभिरुचीबरोबर तिची कामाची पद्धतही गेली, आणि तिचा वारसा सांगणाऱ्यांपैकी वा तिला विरोध करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ती पद्धत उचलली. उरले दिवाळी अंक. का. र. मित्र यांनी 1909 साली ‘मनोरंजना’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून या परंपरेने मराठी कथेला वाचक दिला, हे खरेच. आज असे शेकडो अंक निघतात. पण पावसाळ्यात मागवलेली कथा आश्विनात छापायची असते. ती परत पाठवायला वेळ कोणाला आहे? नामांकिताची कथा न वाचता घेतली जाते आणि नवख्याची न वाचता ठेवून दिली जाते. दोघांचेही नुकसान सारखेच.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप गंभीर आहे. संपादकाची पेन्सिल ही प्रमाणभाषेची, मध्यमवर्गीय रुचीची पेन्सिल असते. ती बोलीचे कंगोरे घासून टाकते आणि सगळ्यांच्या कथा सारख्या करून सोडते. असे घडले आहे, पुष्कळदा घडले आहे. त्यावर उपाय पेन्सिल मोडणे हा नसून ती धरणारे हात बदलणे हा आहे. संपादनाची मर्यादा मराठीला नवी नाही. एकनाथांनी शके 1506 मध्ये ‘ज्ञानेश्वरी’ शुद्ध केली, तेव्हा मूळ पाठात आपली ओवी घालू पाहणाऱ्याला ताकीदही दिली. दुसऱ्याच्या शब्दाला हात लावावा, पण आपला शब्द त्यात घुसवू नये, हे ते शील. दुसरा आक्षेप कार्यशाळांचा. अमेरिकेत आयोवा विद्यापीठाने 1936 पासून लेखनाचे शिक्षण चालवले. त्यातून एकसाची कथा निपजते, अशी तिथेही तक्रार आहे. ती मला मान्य आहे. मी पदवी मागत नाही. कथेविषयी बोलताना कथेच्या वाक्यांविषयी बोलावे, एवढेच मागतो.

आणि हे मागणे मुख्यतः विद्यापीठांच्या मराठी विभागांपाशी आहे. कथानक, पात्रचित्रण, वातावरण, निवेदन, भाषाशैली हे ‘कथेचे घटक’ आमचा विद्यार्थी उत्तरपत्रिकेत बिनचूक लिहितो. एकाच प्रसंगाचे तीन वेगळे प्रारंभ लिहून त्यांतला कोणता का टिकतो, हे त्याला कधी विचारले जात नाही. मासिकात छापलेली कथा आणि संग्रहातली तीच कथा समोरासमोर ठेवून लेखकाने काय बदलले, हे तपासण्याचा स्वाध्याय दिला जात नाही. तो देण्यास पैसा लागत नाही. जुने अंक लागतात. ग्रंथालयांनी ते जपले पाहिजेत, आणि त्यांच्याबरोबर लेखकांच्या खाडाखोडीच्या वह्याही. लेखक गेला की सुवाच्य प्रत तेवढी कपाटात राहते आणि कच्चे खर्डे रद्दीत जातात, कारण त्यांत ‘कारागिरी’ दिसते. आपल्याला शिकता येईल असे जे काही त्या लेखकापाशी होते, ते त्या खोडलेल्या ओळींत होते. टँकरची कथा लिहिणाऱ्या त्या तरुणाला एकदा तरी अशी वही हाताळायला मिळाली पाहिजे.